एचआयएस, लॅब, बिलिंग आणि आभा जोडताना मॉड्यूल नेमके कुठे तोडायचे?

टाचणी (धागाकर्ता)

शंभरेक खाटांच्या रुग्णालयात बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसतं. नोंदणी, ओपीडी, आयपीडीचं एचआयएस (रुग्णालयाचं मुख्य सॉफ्टवेअर) एका विक्रेत्याचं. लॅबचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं. बिलिंग आणि औषध दुकान तिसऱ्याचं. एक्स-रे, सोनोग्राफीचा पॅक्स (प्रतिमा साठवणारी प्रणाली) चौथ्याचा. त्यात आता आयुष्मान भारत डिजिटल मिशनची जोडणी आली. तिचा पहिला टप्पा, एम१, म्हणजे आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य क्रमांक) काढणं आणि पडताळणं. तो सहज उरकतो, कारण तो नोंदणीच्या खिडकीपुरता आहे. घोडं अडतं ते एम२ ला. तिथे रुग्णालयाला माहिती पुरवठादार व्हावं लागतं: प्रत्येक भेटीची नोंद रुग्णाच्या आभाला जोडायची आणि त्याने संमती दिली की ती फायर (आरोग्य-माहिती देवाणघेवाणीचं मानक) आर४ च्या बंडलमध्ये बांधून पाठवायची. निदान एका डेटाबेसात, लॅबचे निकाल दुसऱ्यात, दोन्हीकडचे पेशंट नंबर वेगळे. बंडल बांधणार कशाचं?

यावर सर्रास चालणारा उपाय म्हणजे लॅबवाल्याला एचआयएसच्या डेटाबेसचा पासवर्ड देऊन टाकणं. तो निकालाच्या टेबलात थेट लिहितो. सगळं बरं चालतं, मग एचआयएसवाला एका अपडेटमध्ये कॉलमचं नाव बदलतो आणि निकाल दिसेनासे होतात. दोष कुणाला द्यायचा? दोघांत करारच नव्हता. दुसरा उपाय जोडीजोडीने तारा ओढण्याचा: चार प्रणाल्यांच्या सहा जोड्या, आभा धरून पाच झाल्या की दहा, दोन्ही दिशा वेगळ्या धरल्या तर वीस.

मी सुचवतोय तो आराखडा असा. मधे एक जोडणी-थर. त्याच्या गाभ्यात चार मॉड्यूल: ओळख (कोणता नंबर कोणाचा), ऑर्डर-निकाल, संज्ञा (चाचण्यांचे कोड आणि एककं), संमती-ऑडिट. गाभ्याबाहेर प्रत्येक प्रणालीसाठी एक ॲडॉप्टर, म्हणजे तिची भाषा गाभ्याच्या भाषेत आणणारा कोड. ॲडॉप्टर गाभ्याला ओळखतो, गाभा कुठल्याही ॲडॉप्टरला ओळखत नाही, आणि दोन ॲडॉप्टर एकमेकांना कधीच हाक मारत नाहीत. एका मॉड्यूलने दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा नाही, वाचायलासुद्धा नाही. एकाच पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक मॉड्यूलला वेगळा स्कीमा आणि वेगळा डीबी युजर दिला की हा नियम डेटाबेसच पाळायला लावतो.

तीन गोष्टींवर मतं हवी आहेत. गाभ्यातलं मॉडेल फायरचंच ठेवावं की स्वतःचं? मायक्रोसर्व्हिस कराव्यात की एकच प्रोसेस? आणि ॲडॉप्टरच्या आत नेमकं काय काय कोंडायचं?

अडकित्ता

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पाया तोच आहे. कसोटी सोपी: उद्या हे यंत्र किंवा हा विक्रेता बदलला तर हा कोड टाकून द्यावा लागेल का? हो असेल तर तो ॲडॉप्टरमध्ये.

लॅबमधल्या जुन्या बायोकेमिस्ट्री यंत्रांचं बघा. ती अजून सिरियल केबलवरून एएसटीएम (यंत्र-संदेशांचं जुनं मानक) पद्धतीने बोलतात. यंत्र ईएनक्यू ('बोलू का?') पाठवतं, तुम्ही एसीके ('हो') देता, मग फ्रेम (मजकुराचे तुकडे) येतात, शेवटी ईओटी ('संपलं'). फ्रेमवर क्रमांक असतो, तो १ ते ७ जाऊन मग ० होतो. एका फ्रेममध्ये मजकूर फार तर २४० अक्षरांचा, आणि शेवटी दोन अक्षरी चेकसम: फ्रेम क्रमांकापासून ईटीएक्स या शेवटच्या खुणेसकट सगळ्या बाइटांची बेरीज, २५६ ने भागून उरणारी बाकी. एसटीएक्स ही सुरुवातीची खूण, ती बेरजेत धरायची नाही. ती धरली की प्रत्येक फ्रेम नाकारली जाते आणि माणूस केबल बदलत बसतो. दुसरा खड्डा असा, की लांब रेकॉर्ड दोन फ्रेममध्ये तुटतं. तेव्हा पहिल्या फ्रेमच्या शेवटी ईटीएक्सऐवजी ईटीबी ('पुढे चालू') येतो. प्रत्येक फ्रेम म्हणजे एक रेकॉर्ड असं धरून चाललात तर निकालाचा अर्धा भाग गळतो, आणि तोही फक्त लांब शेरा असलेल्या नमुन्यांचा. चाचणीत म्हणूनच सापडत नाही.

एचएल७ (रुग्णालयीन संदेशांचं मानक) ची दुसरी आवृत्ती बोलणारी प्रणाली असेल तर एमएलएलपी हे संदेशाचं वेष्टण: संदेशाच्या आधी बाइट ११, संपल्यावर २८ आणि १३. सेगमेंट (संदेशाच्या ओळी) १३ ने तुटतात, १० ने नाही. नोटपॅडमधून चिकटवलेला चाचणी-संदेश अख्खा एकच सेगमेंट दिसतो तो यामुळे.

पोचपावतीचं सगळ्यात महत्त्वाचं. संदेश आला की आधी कच्चा जसाच्या तसा 'आवक' टेबलात कमिट करायचा, मगच एए ('स्वीकारलं' ही पोचपावती) पाठवायचं, आणि अर्थ लावण्याचं काम त्यानंतर. बरेच जण उलट करतात: पार्स, मॅपिंग, पेशंट शोधणं, सगळं उरकून पोचपावती. तोवर समोरच्याचा टाइमआउट संपतो, तो तोच संदेश पुन्हा पाठवतो आणि एका नमुन्याचे दोन निकाल होतात. दुबार ओळखायला एमएसएच-१० (एमएसएच या शीर्ष-ओळीतलं दहावं खाना) मधला संदेश क्रमांक एकटा पुरत नाही. काही प्रणाल्या चालू-बंद केल्यावर पुन्हा एकपासून मोजतात. पाठवणारा, संदेश क्रमांक आणि एमएसएच-७ मधली वेळ, अशी तिघांची मिळून युनिक की ठेवा.

एक ओळ उदाहरणाला (इथे देवनागरीत; वायरवर अर्थातच रोमन):

ओबीएक्स|१|एनएम|७१८-७^हिमोग्लोबिन^एलएन||९.४|ग्रॅम/डेलि|१२-१५|एल|||एफ

ओबीएक्स म्हणजे निकालाची ओळ, एनएम म्हणजे आकडी किंमत. यातलं आणि सोबतच्या ओळींतलं गाभ्यात काय जातं? चाचणी, किंमत, एकक, संदर्भ-मर्यादा, अंतिम की प्राथमिक, नमुना क्रमांक, वेळ. 'ओबीएक्स' किंवा 'एनएम' हे शब्द गाभ्याच्या कोडमध्ये एकदाही दिसता कामा नयेत. शोधून दिसले तर सीमा गळतेय.

अवांतर: अकराव्या खान्यातला 'एफ' हलक्यात घेऊ नका. तिथे 'सी' आला तर तो दुरुस्त निकाल असतो. आधीचा निकाल जुना ठरवून त्याच नोंदीची नवी आवृत्ती करायची, नवी नोंद नाही. फायरमध्ये तिचा स्टेटस 'करेक्टेड' होतो.

कडुनिंब

अडकित्ता यांनी वाहतुकीची बाजू मांडली. पण निकाल पोचण्यापेक्षा तो बरोबर अर्थाने पोचणं अवघड आहे, आणि म्हणून 'संज्ञा' मॉड्यूल सगळ्यात जास्त वेळ खातो.

प्लेटलेट घ्या. आपल्याकडच्या रिपोर्टवर '२.५ लाख प्रति घनमिलिमीटर' छापतात. यंत्र तेच २५० असं देतं, एकक 'दहाचा घन प्रति मायक्रोलिटर'. लॅब सॉफ्टवेअरने छपाईसाठी १०० ने भागलेला आकडा पुढे पाठवला आणि ॲडॉप्टरने यंत्राचं एकक गृहीत धरलं, तर २.५ म्हणजे अडीच हजार प्लेटलेट. दुसऱ्या टोकाला बसलेला डॉक्टर रक्त चढवायची तयारी करेल. एकक रिकामं आलं तर ते गृहीत धरायचं नाही, संदेश अडवून ठेवायचा. इथे दयामाया नको.

'शुगर' तर अजून मजेशीर. लॅबच्या मेन्यूत 'बीएसएल' नावाखाली चार गोष्टी असतात: सीरम-प्लाझ्मातली कधीही घेतलेली (लॉइंक या चाचण्यांच्या जागतिक कोडयादीत २३४५-७), उपाशीपोटी (१५५८-६), जेवणानंतर दोन तासांनी (१५२१-४), आणि वॉर्डातल्या ग्लुकोमीटरवरची केशिका-रक्ताची (४१६५३-७). चारही २३४५-७ वर ढकलल्या की आलेख सुंदर दिसतो आणि त्याला काही अर्थ नसतो.

त्यामुळे मॅपिंग कोडमध्ये नको, टेबलात हवं. स्तंभ: स्रोत प्रणाली, स्थानिक कोड, स्थानिक एकक, लॉइंक कोड, यूकम (एककं लिहिण्याची प्रमाणित पद्धत) एकक, गुणक, कधीपासून लागू, कधीपर्यंत, कोणी मंजूर केलं. शेवटचा स्तंभ सर्वांत मोलाचा. तिथे पॅथॉलॉजिस्टचं नाव हवं, प्रोग्रामरचं नाही. लागू-तारखा अशासाठी, की लॅबने मार्चमध्ये किट बदलून एकक बदललं तर फेब्रुवारीचे निकाल जुन्याच ओळीने वाचले गेले पाहिजेत.

गुणक लावताना: ग्लुकोज मिलिमोल प्रति लिटरवरून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला १८.०१६, क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवरून मायक्रोमोल प्रति लिटरला ८८.४. किमतीला लावलेला गुणक संदर्भ-मर्यादेलाही लावायचा असतो. हे विसरलं की प्रत्येक रुग्ण 'हाय' दिसतो. मूळ किंमत आणि मूळ एकक कधीही पुसू नका, बदललेलं त्याच्या शेजारी ठेवा.

आणि '<०.५'. यंत्र ते एनएम प्रकार लावून पाठवतं आणि पार्सर आकडा समजून कोसळतो, किंवा '<' खाऊन टाकतो. दुसरं जास्त वाईट. गाभ्यातल्या 'किंमत' या प्रकारातच तुलना-चिन्हाला जागा ठेवा. फायरच्या क्वांटिटीत ती 'कम्पॅरेटर' नावाने आहेच.

लॉइंक फुकट आहे. स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांची कोडयादी) सुद्धा भारतात फुकट आहे, कारण देश २०१४ पासून सदस्य आहे. त्याचं राष्ट्रीय केंद्र एनआरसीईएस पुण्यात सी-डॅकमध्ये आहे, आणि आभासाठीची फायर प्रोफाइलंही तेच काढतात.

भोवरा

पहिल्या प्रश्नावर माझं मत सांगतो. गाभ्याचं मॉडेल फायरच ठेवा. हापी फायर ही जावा लायब्ररी मोफत आहे, तिचा तयार सर्व्हर मिळतो, शोध, आवृत्त्या, व्हॅलिडेशन सगळं आयतं. स्वतःचं मॉडेल केलंत की दोन वर्षांनी तुम्ही फायरचंच एक वेडंवाकडं रूप परत शोधून काढलेलं असतं.

टाचणी

भोवरा, मुद्दा मान्य, पण दोन अडचणी. फायरची आर४ आवृत्ती २०१८ च्या अखेरची, आर५ आली २०२३ मध्ये, आणि दोन्हींत रिसोर्सची रचना काही ठिकाणी बदलली आहे. आभा आर४ वर आहे. उद्या विमा कंपनीने दुसरी आवृत्ती किंवा दुसरं प्रोफाइल मागितलं तर गाभा हलवायचा का?

दुसरं, फायरमध्ये जवळपास प्रत्येक खाना ऐच्छिक आहे. ऑब्झर्वेशन (फायरमधली निकालाची नोंद) किमतीशिवाय वैध असतो, रुग्णाशिवायसुद्धा. गाभ्याच्या 'निकाल' या प्रकाराने मात्र रुग्ण, नमुना आणि एककाशिवाय जन्मच घेऊ नये अशी अपेक्षा आहे. ही शिस्त फायर क्लासमध्ये प्रत्येक जागी तपासत बसावी लागते.

अडकित्ता

टाचणीशी सहमत, पण थोडी दुरुस्ती. शब्द फायरचेच घ्या, क्लास घेऊ नका. स्टेटसची यादी, ऑर्डर आणि निकाल वेगळे ठेवण्याची पद्धत, नमुना ही स्वतंत्र गोष्ट असणं, हे सगळं विचार करून ठरवलेलं आहे. ते उचला. फायर लायब्ररीचा इम्पोर्ट मात्र आभाच्या ॲडॉप्टरबाहेर कुठे दिसला तर बिल्ड फेल व्हायला हवं. जावात आर्चयुनिट, पायथनमध्ये इम्पोर्ट-लिंटर हे काम करतात. नियम विकीवर लिहून ठेवले तर पहिल्या घाईच्या दिवशी मोडतात.

दुसऱ्या प्रश्नावर: एका रुग्णालयाला मायक्रोसर्व्हिस म्हणजे नुसती डोकेदुखी. सर्व्हर रूममध्ये एक मशीन, एक यूपीएस आणि रात्रपाळीला आयटीचं कुणी नाही. एकच प्रोसेस, आत कडक मॉड्यूल. फक्त सिरियल पोर्टवरचे ॲडॉप्टर वेगळी प्रोसेस ठेवा, कारण ते लॅबमधल्या पीसीवरच चालणार आणि ड्रायव्हर लटकला की तेवढंच रिस्टार्ट करता येतं. त्या पीसीवर छोटी स्थानिक रांग (एसक्यूलाइट चालेल) ठेवा. नेटवर्क गेलं तरी यंत्राला एसीके मिळत राहतो.

भोवरा

इम्पोर्टवर बिल्ड मोडायची कल्पना आवडली. शब्द घ्या, क्लास नको, यावर तडजोड मान्य. पण आयता सर्व्हर नाकारून जो शोध आणि आवृत्त्यांचा कोड लिहावा लागेल तो कुणीतरी अंदाजपत्रकात धरा म्हणजे झालं.

रातराणी

ओळख मॉड्यूलबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून सविस्तर.

टेबल सोपं आहे: अंतर्गत आयडी, प्रणाली, त्या प्रणालीतला नंबर, स्थिती. दुसरं मॉड्यूल फक्त दोन प्रश्न विचारू शकतं: 'या प्रणालीतला हा नंबर कोणाचा?' आणि 'या व्यक्तीचा त्या प्रणालीतला नंबर काय?'. नाव-गाव-फोनवरून शोध ही सोय बाकीच्या मॉड्यूलना देऊच नका. दिली की प्रत्येक जण आपापलं मॅचिंग लिहितो.

मॅचिंग का फसतं त्याची आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत:

जन्मतारीख. खिडकीवर माणूस वय सांगतो, ४५. सॉफ्टवेअर वर्ष काढून पुढे १ जानेवारी चिकटवतं. परिणामी निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. मग 'नाव जुळतं, जन्मतारीख जुळते' या नियमाला काही किंमत उरत नाही. फायरमध्ये नुसतं वर्ष लिहायची मुभा आहे आणि एचएल७ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तारीख चार आकड्यांवर थांबवता येते. तेव्हा गाभ्यात तारखेसोबत तिची अचूकता (वर्ष, महिना, दिवस) वेगळी साठवा, आणि जुन्या डेटातली १ जानेवारी 'फक्त वर्ष' म्हणूनच आयात करा.

मोबाइल. घरात एकच नंबर सगळ्यांच्या नावावर. एक खूण म्हणून चालेल, ओळख म्हणून नाही.

नाव. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं ते लग्नानंतर बदलतं, आडनावही. काही प्रणाल्या पूर्ण नाव एकाच खान्यात आडनाव-आधी ठेवतात, काही शेवटी. ॲडॉप्टरने अंदाजाने तोडू नये. एकसंध आलं तर एकसंध साठवा.

मराठीत साठवलेल्या नावांचा एक खास उपद्रव: 'कऱ्हाडकर', 'गोऱ्हे' यांतला अर्धा र. कुणाच्या कीबोर्डवरून तो 'ऱ' (यू+०९३१) अधिक हलन्त असा येतो, कुणाच्या 'र' (यू+०९३०), हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (यू+२००डी, जोडणारं अदृश्य अक्षर) असा. पडद्यावर सारखेच दिसतात, तुलनेत वेगळे. युनिकोडचं एनएफसी (अक्षरांची रूपं एक करणारी प्रक्रिया) केल्याने 'र' खाली नुक्ता जोडून लिहिलेला 'ऱ' एक होतो, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप एक होत नाही. तो नियम स्वतः लिहावा लागतो, आणि तो फक्त तुलनेच्या कीसाठी. मूळ नाव जसं आलं तसं. बिगर-युनिकोड फाँटात भरलेली जुनी नावं असतील तर आयातीच्या आधी त्यांचं रूपांतर करायचं आणि नमुना म्हणून काही शे नावं माणसाने डोळ्यांनी बघायची, दुसरा इलाज नाही.

दोन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या तर विलीनीकरण: एचएल७ मध्ये त्याचा संदेश ए४०. जुनी नोंद पुसू नका, 'हिची जागा अमुकने घेतली' असा दुवा ठेवा. आणि विलीनीकरण आपोआप नको. मॉड्यूलने संभाव्य जोड्या सुचवाव्यात, बटण माणसाने दाबावं. चुकून वेगळे राहिलेले दोन रुग्ण जोडता येतात. चुकून एक झालेल्या दोघांचे रक्तगट, ॲलर्जी, निकाल परत सोडवणं जवळजवळ अशक्य.

आभा मिळालं की निम्मं काम हलकं होतं, पण पत्ता आणि क्रमांक यांत गल्लत नको. आभा पत्ते एका माणसाचे एकाहून जास्त असू शकतात. ओळख १४ आकडी क्रमांकावर बांधा.

नवी_पालवी

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न: ज्या लॅब सॉफ्टवेअरला एपीआय नाही, एचएल७ नाही, नुसता एसक्यूएल सर्व्हर आहे आणि विक्रेता फोन उचलत नाही, तिथे काय?

खडूफळा

फक्त वाचायचा डीबी युजर मागा (तो रुग्णालयाचा हक्क आहे, डेटा त्यांचा आहे, पुढच्या करारात तसं लिहून घ्या) आणि ठरावीक वेळाने नवं काय ते ओढा. तीन सापळे आहेत. शेवटचा वाचलेला आयडी लक्षात ठेवून पुढचे ओढले तर दुरुस्त केलेले जुने निकाल कधीच येत नाहीत. 'शेवटचा बदल' स्तंभ असेल तर तो वापरा, आणि दर वेळी पाच-दहा मिनिटं मागे जाऊन पुन्हा वाचा. उशिरा कमिट झालेल्या ओळी त्याशिवाय निसटतात. दुबार आलेलं गाभा ओळखतोच. तिसरं, खोडलेल्या ओळी अशा ओढण्यात दिसतच नाहीत. रात्री एकदा दिवसभराच्या नमुना क्रमांकांची यादी दोन्हीकडून काढून ताडून बघायची.

बाकी, तयार नमुना बघायचा असेल तर बाह्मनीचा कोड उघडा. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. आत तीन स्वतंत्र उत्पादनं आहेत: नोंदींसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस, बिलिंग-साठ्यासाठी ओडू. त्यांना जोडलंय ॲटमफीडने. ओपनएमआरएसमध्ये रुग्ण नोंदला की घटनेची नोंद टेबलात पडते, ती फीडवर दिसते, आणि ओपनएलिस-ओडू आपापल्या वेगाने फीड वाचतात. कुठवर वाचलं याची खूण वाचणाऱ्याकडे. ओडू दोन तास बंद असलं तरी ओपनएमआरएसला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या. फीडमधल्या घटनेत माहिती नसते, फक्त तिची यूआरएल असते. वाचणारा ती उघडून माहिती घेतो. सुरक्षेला चांगलं. पण वाचताना त्याला आत्ताची स्थिती मिळते, घटना घडली तेव्हाची नाही. मधे तीन बदल झाले असतील तर तिन्ही वेळा शेवटचंच चित्र दिसतं. बिलिंगला ऑर्डर आधी दिली आणि मग रद्द केली हे कळायला हवं असेल तर घटनेतच तेवढी माहिती घाला.

दुसरं, एखादी घटना फसली की ती 'फसलेल्या' टेबलात जाते आणि खूण पुढे सरकते. रुग्ण-नोंदणीची घटना फसली आणि त्याच रुग्णाची ऑर्डर मागून आली तर तीही फसते, आणि पुन्हा प्रयत्न करताना क्रम सांभाळावा लागतो. टाचणीच्या आराखड्यात रांग रुग्णागणिक अडवा: एका रुग्णाची घटना अडली तर फक्त त्याच्याच पुढच्या थांबतील, बाकीच्यांच्या चालू राहतील.

घटना आणि मूळ नोंद एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची हे गृहीतच आहे. आधी नोंद कमिट आणि मग रांगेत संदेश टाकला, तर त्या दोहोंच्या मधे वीज गेलेला निकाल कायमचा हरवतो.

मांडणी

आभा ॲडॉप्टरबद्दल, कारण तिथे वेळ जातो तो भलत्याच ठिकाणी.

सगळं असमकालिक आहे. तुम्ही विनंती करता, २०२ ('विनंती पोचली') मिळतो, खरं उत्तर तुमच्या कॉलबॅक पत्त्यावर नंतर येतं. म्हणून ॲडॉप्टरमध्ये प्रत्येक विनंतीच्या आयडीसाठी एक छोटं स्थिती-टेबल हवं: पाठवली, स्वीकारली, उत्तर आलं, मुदत संपली. हे मेमरीत ठेवलं तर सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर आलेली उत्तरं अनाथ होतात. टाइमस्टॅम्प यूटीसीत. भारतीय वेळ लिहून शेवटी झेड चिकटवला की विनंती साडेपाच तास भविष्यातली होते आणि नाकारली जाते. त्रुटीच्या संदेशात मात्र वेळेचा उल्लेख असेलच असं नाही.

संमतीचा कागद आला तेव्हा तपासून पुरत नाही, माहिती पाठवायच्या क्षणी पुन्हा तपासायचा: रद्द झालीय का, मुदत उरलीय का, मागितलेल्या तारखा आणि नोंदींचे प्रकार संमतीत बसतात का. ही तपासणी आभा ॲडॉप्टरमध्ये नको, गाभ्यातल्या संमती मॉड्यूलमध्ये हवी. उद्या विमावाल्याचा ॲडॉप्टर आला तर त्याने स्वतःची वेगळी तपासणी लिहू नये.

एन्क्रिप्शन. दोन्ही बाजूंच्या किल्ल्यांतून ईसीडीएच या पद्धतीने सामायिक गुपित काढायचं. दोन्ही नॉन्स (एकदाच वापरायचे यादृच्छिक बाइट, ३२ प्रत्येकी) एक्सऑर करायचे. त्यातले पहिले २० बाइट एचकेडीएफचं (गुपितातून की काढण्याच्या पद्धतीचं) सॉल्ट, शेवटचे १२ बाइट आयव्ही. मग २५६ बिटांची की आणि एईएस-जीसीएम. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. नॉन्स बेस६४ मध्ये येतात, ते उलगडून मग एक्सऑर करायचं. बेस६४ मजकुरावरच एक्सऑर केलं तर स्वतःशी चाचणी व्यवस्थित पास होते आणि दुसऱ्याशी कधीच जुळत नाही. आणि वक्र 'कर्व्ह२५५१९' म्हटलंय म्हणून तयार एक्स२५५१९ लायब्ररी घेतली तर तिची पब्लिक की ३२ बाइटांची असते. इथे बाउन्सीकॅसलच्या वायरस्ट्रास रूपातला बिंदू चालतो, ६५ बाइटांचा, पहिला बाइट ४. पायथन किंवा नोडमध्ये लिहिणाऱ्यांनी हे एवढं काम जावाच्या छोट्या सेवेकडे सोपवलेलं बरं.

बंडल: प्रकार 'डॉक्युमेंट', पहिली नोंद कम्पोझिशनच, आणि आतले सगळे संदर्भ त्या-त्या नोंदीच्या फुल-यूआरएलशी अक्षरशः जुळणारे. एचएल७ चा व्हॅलिडेटर एनआरसीईएसच्या पॅकेजसह सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत) चालवा. रिपोर्टची पीडीएफ बेस६४ करून डायग्नोस्टिक-रिपोर्टच्या 'प्रेझेंटेड फॉर्म'मध्ये टाकता येते (आकार एक तृतीयांशाने फुगतो). अनेक जण तेवढ्यावर थांबतात. चालतं, पण मग पलीकडच्या डॉक्टरला हिमोग्लोबिनचा आलेख मिळत नाही, नुसतं चित्र मिळतं. पीडीएफ आणि ऑब्झर्वेशन दोन्ही द्या.

केअर कॉन्टेक्स्टचं (आभाला जोडलेल्या भेटीचं) दर्शनी नाव रुग्णाच्या मोबाइलवर दिसतं आणि तो मोबाइल घरात कुणाच्याही हातात असू शकतो. 'ओपीडी भेट, १२ जून' पुरे. विभागाचं किंवा निदानाचं नाव तिथे नको.

कडुनिंब

शेवटचा मुद्दा सोन्याचा. +१

नवी_पालवी

आणि हे सगळं मर्थ कनेक्टमध्ये (प्रणाल्या जोडणारं तयार सॉफ्टवेअर) का नको? त्यात एचएल७, फाइल, डेटाबेस सगळे कनेक्टर तयार आहेत.

अडकित्ता

वापरा, पण फक्त ॲडॉप्टरच्या बाहेरच्या कडेला. आणि परवाना बघून: ४.६ आवृत्तीपासून ते मुक्त राहिलेलं नाही, त्याआधीच्या कोडवरून ओपन इंटिग्रेशन इंजिन ही मुक्त शाखा निघाली आहे.

खरी गडबड परवान्याच्या पलीकडे आहे. चॅनेलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जावास्क्रिप्ट लिहिता येतं, त्यामुळे 'एवढं एक इफ' करत करत एककांचं रूपांतर, पेशंट शोधणं, बिलाचे नियम सगळं तिथेच साचतं. त्याला युनिट टेस्ट नाही, कुणी कधी बदललं ते गिटमध्ये दिसत नाही. चॅनेलने एमएलएलपी घ्यावं, कच्चा संदेश आवक टेबलात टाकावा, पोचपावती द्यावी, बस्स. चॅनेल एक्सएमएलमध्ये निर्यात करून रोज गिटमध्ये टाकणारी स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी लावा.

चाचण्यांसाठी आवक टेबलातले खरे संदेश फार कामाचे. नाव, फोन, नंबर बदलून प्रत्येक ॲडॉप्टरसाठी एक फोल्डर करा: एका फाइलमध्ये कच्चा संदेश, शेजारी गाभ्यात काय पोचायला हवं ते. नाव बदलताना त्यातला अर्धा र, रिकामं मधलं नाव, '<' हे तसेच ठेवा, नाहीतर चाचणीतून नेमके तेच गाळले जातात. विक्रेत्याने नवी आवृत्ती टाकायच्या आधी त्याच्याकडून दहा नमुना संदेश मागून घ्या आणि फोल्डरवर चालवा. तो देत नसेल तर अपडेट शनिवारी संध्याकाळी घेऊ नका.